लष्करी ट्रकमागचा ट्रेलर : आधी ब्रेक पाहा, मग ताकद

अमेरिकेत लष्कराने मोडीत काढलेली वाहने सर्वसामान्य नागरिकाला विकत घेता येतात. ट्रक, ट्रेलर, जनरेटर असा माल सरकारी लिलावात निघतो. शेतकरी, लाकडाचे ठेकेदार, गॅरेजवाले आणि हौशी मंडळी तो उचलतात, दुरुस्त करून वापरतात किंवा नफा ठेवून पुढे विकतात. या बाजारातला सर्वांच्या ओळखीचा ट्रक म्हणजे अडीच टनी 'एम-३५'. तिन्ही एक्सलना इंजिनाची ताकद पोचवणारा हा ट्रक १९५० च्या सुमारास अमेरिकन लष्करात दाखल झाला. १९९० च्या दशकात नवे ट्रक त्याची जागा घेऊ लागले, तोवर त्याने इमाने इतबारे चाकरी केली. आजही तो खासगी मालकांच्या हातात फिरतो आहे.

असा ट्रक दारात उभा राहिला की मालकाच्या डोक्यात लगेच दुसरा बेत शिजू लागतो. डोंगरात, वाळूत फिरवायची जीप अनेकांच्या घरी असतेच. ती ट्रेलरवर चढवावी, ट्रकमागे जोडून दोनशे मैल न्यावी, ट्रक तळावर उभा करावा आणि जीप घेऊन रान गाठावे. या बेतात आपल्या वाचकांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. महिंद्र कंपनीने २०१८ साली अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची गाडी बाजारात आणली. भारतातून गेलेल्या सुट्या भागांची जुळणी मिशिगन राज्यातील ऑबर्न हिल्स येथे होत असे. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, ६२ अश्वशक्ती, वजन सुमारे ३,००० पौंड. म्हणजे आपल्या गावोगावी धावलेल्या महिंद्र जीपचीच ही बहीण. (तिच्या जीपसारख्या चेहऱ्यावरून तिकडे खटलाही झाला, पण तो विषय वेगळा.) मात्र ही गाडी तेथे केवळ रस्त्याबाहेर चालवण्याचे वाहन म्हणून विकली गेली. सर्वसाधारणपणे ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. घरापासून रानापर्यंत तिला कशावर तरी चढूनच जावे लागते. तेव्हा अशा मालकाला ट्रेलर ही चैन नसून गरज आहे.

ट्रेलर निवडताना बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, "माझा ट्रक किती ओढेल?" लष्करी ट्रकच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. मागचे ओझे उतारावर ढकलू लागले तर हा ट्रक थांबेल का?

ट्रकचा कच्चा दुवा

एम-३५ चा 'ए-२' हा प्रकार सर्वाधिक आढळतो. तो रिकामा असताना सुमारे १३,००० पौंड, म्हणजे पावणेसहा ते सहा टन भरतो. त्याचे सहा सिलिंडरचे इंजिन डिझेलखेरीज इतर इंधनांवरही चालते. ताकद १३० ते १४० अश्वशक्तीच्या घरात आणि कमाल वेग ताशी सुमारे ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. लष्कराने या ट्रकला ओढण्याची मर्यादा घालून दिली आहे : पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड (सुमारे साडेचार टन) आणि रस्त्याबाहेर ६,००० पौंड (सुमारे पावणेतीन टन). हौशी मालक हे आकडे हसण्यावारी नेतात, कारण गिअर खालचा टाकला तर ट्रक यापेक्षा कितीतरी जास्त हलवतो. हलवतो हे खरेच आहे. पण मर्यादा हलवण्यापुरती घातलेली नाही.

ए-२ चे ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे तेलाचे ब्रेक आहेत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरचे तेल पुढे जाते, हवेवर चालणारा बूस्टर त्याचा दाब वाढवतो आणि ते तेल सर्व चाकांच्या सिलिंडरांपर्यंत पोचते. यातली मेख अशी की तेलाचा मार्ग एकच आहे. आजच्या साध्या मोटारीतही पुढच्या आणि मागच्या चाकांच्या, किंवा तिरक्या जोडीच्या, दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी हात देते. ए-२ मध्ये एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक नळी फुटली की पेडल तळाला जाते आणि कोणत्याच चाकाला ब्रेक उरत नाही. उरतो तो हँडब्रेक. तोही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर बसवलेला एकच ड्रम आहे. उभी गाडी धरून ठेवण्यासाठी तो ठीक. घाटात धावता ट्रक थांबवणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय हे ट्रक जुने आहेत. नळ्या बाहेरून रंगवलेल्या आणि आतून गंजलेल्या असू शकतात.

आता या ट्रकमागे जीपसह ८,००० पौंडांचा ट्रेलर जोडला आहे असे समजा. सहा टक्के उतारावर, म्हणजे शंभर फुटांत सहा फूट उतरणाऱ्या रस्त्यावर, तो ट्रेलर ट्रकला सतत ४८० पौंडांच्या जोराने ढकलत राहतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून हा जोर १,२६० पौंड होतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हे सारे ट्रकच्या ड्रमांनी आणि त्या एका नळीने सोसायचे. आपल्याकडे उसाच्या हंगामात ब्रेक नसलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपण पाहतो आणि त्यांचे उतारावर काय होते हेही जाणतो. तेथे वेग तरी कमी असतो.

म्हणून या ट्रकसाठी ट्रेलर निवडण्याचा पहिला नियम असा की ट्रेलरचे ब्रेक ट्रकच्या ब्रेकवर अवलंबून नसावेत. ट्रकचे पेडल तळाला गेले तरी ड्रायव्हरला ते हाताने लावता आले पाहिजेत. ही एक अट लावली की बाजारातले निम्मे ट्रेलर आपोआप बाद होतात आणि निवड सोपी होते.

ब्रेकचे प्रकार

अमेरिकेत अनेक राज्यांत सुमारे ३,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. जीप वाहणारा ट्रेलर भरल्यावर ही मर्यादा ओलांडतोच, त्यामुळे बिनब्रेकच्या ट्रेलरचा विचारही करू नये.

दुसरा प्रकार धक्क्याच्या ब्रेकचा. ट्रेलरच्या दांडीत एक छोटा मास्टर सिलिंडर असतो. ट्रकचा वेग कमी झाला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. तारा नकोत, बॅटरी नको, म्हणून बोटी वाहणाऱ्यांना हा प्रकार आवडतो. चोवीस व्होल्टच्या ट्रकमालकालाही मोह होतो, कारण विजेची कटकट संपते. पण विचार करा. ट्रकचे ब्रेक गेले तर ट्रकचा वेग कमी होणार नाही, वेग कमी झाला नाही तर रेटा पडणार नाही, आणि रेटा पडला नाही तर ट्रेलरचेही ब्रेक लागणार नाहीत. ज्या क्षणी गरज, त्याच क्षणी हा ब्रेक हात वर करतो. एकेरी नळीच्या ट्रकमागे तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार हवेच्या ब्रेकचा. एम-३५ च्या मागे ट्रेलरला हवा देण्याच्या दोन जोडण्या असतात, एक रोजच्या ब्रेकची आणि दुसरी आणीबाणीची. लष्कराचे स्वतःचे ट्रेलर त्यावरच चालतात. तेव्हा लष्करी ट्रेलरच का घेऊ नये? कारण ते जीप वाहण्यासाठी बनवलेले नाहीत. या ट्रकचा नेहमीचा जोडीदार म्हणजे 'एम-१०५' हा दीड टनी ट्रेलर. त्याचा हौदा सुमारे नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद. रॉक्सरची लांबी सव्वाबारा फूट आहे, चार दारांची रँग्लर जीप साडेपंधरा फुटांच्या पुढे जाते. नागरी बाजारात हवेच्या ब्रेकचे ट्रेलर मिळतात, परंतु ते मुख्यतः अवजड यंत्रे वाहणारे, स्वतःच फार वजनदार आणि महाग. एका जीपसाठी तो खर्च परवडण्याजोगा नाही.

उरतो चौथा प्रकार, विजेचे ब्रेक. ड्रममध्ये एक लोहचुंबक असतो. ट्रकच्या केबिनमधल्या कंट्रोलरने वीज सोडली की चुंबक ड्रमला चिकटतो आणि ब्रेकचे बूट पसरतो. कंट्रोलरला हाताने सरकवायची एक पट्टी असते. पायातल्या पेडलचे काहीही होवो, ही पट्टी दाबली की ट्रेलरची चाके आवळली जातात. सारी वरात झटक्यात थांबेल असे नाही, पण वेग आटोक्यात येईल, खालचा गिअर पडेल आणि हँडब्रेकला काही करून दाखवण्याची संधी मिळेल. म्हणजे साधा मोटारवाहू ट्रेलर आपल्या जुन्या ट्रकला न मागता दुसरा ब्रेक देतो. चिखल आणि पाण्यातून नेल्यास हे ड्रम अधूनमधून उघडून साफ करावे लागतात, एवढी एकच तक्रार.

खरेदी करताना खाली वाकून पाहावे. दोन एक्सलच्या स्वस्त ट्रेलरना पुष्कळदा एकाच एक्सलवर ब्रेक दिलेले असतात. चारही चाकांना ब्रेक हवेत, त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी मोजावेत. ट्रेलर हूकमधून सुटल्यास स्वतःहून ब्रेक लावणारा खटका आणि त्याची छोटी बॅटरीही असली पाहिजे. व्यापारी वाहनांसाठी तिथला संघीय नियम असा आहे की सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान पंधरा मिनिटे लागून राहिले पाहिजेत.

ज्यांच्याकडे एम-३५ ऐवजी पाच टनी 'एम-९३९' मालिकेतला किंवा त्यानंतरचा 'एम-१०७८' ट्रक आहे, त्यांचा ब्रेक पूर्णपणे हवेचा असतो. त्यांना वरची एकेरी नळीची भीती लागू नाही. ट्रेलर मात्र त्यांनीही ब्रेकवालाच घ्यावा.

बारा आणि चोवीसचे भांडण

विजेचे ब्रेक ठरले की लगेच अडचण उभी राहते. लष्करी ट्रकची वीज चोवीस व्होल्टची आणि नागरी ट्रेलरचे दिवे व ब्रेक बारा व्होल्टचे. सरळ जोडले तर दिवे उडतील आणि कंट्रोलर जळेल.

यावर सर्वांना सुचणारी युक्ती म्हणजे ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढणे. हे करू नये. दोन्ही बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून चोवीस व्होल्ट होतात, चार्जिंगही दोघींना एकत्रच मिळते. एकीवरून जास्त वीज काढली की ती कायम उपाशी राहते आणि दुसरी फाजील चार्जिंगने उकळते. काही महिन्यांत दोन्ही बाद. योग्य मार्ग म्हणजे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर. ब्रेकचा एक चुंबक पूर्ण जोरात सुमारे तीन अँपिअर घेतो, म्हणजे चार चाकांचे बारा ते चौदा अँपिअर झाले. तेव्हा कन्व्हर्टर वीस अँपिअरच्या खालचा नको, तीसचा असल्यास उत्तम. त्याच्या पुढे एक स्वतंत्र बारा व्होल्टची बॅटरी ठेवून तिच्यावर ब्रेक चालवणे आणखी चांगले. कन्व्हर्टर वाटेत बिघडला तरी ब्रेक शाबूत राहतो.

दिव्यांची गोष्ट त्याहून सोपी आहे. दहा ते तीस व्होल्टपर्यंत कोणत्याही विजेवर चालणारे एल.ई.डी. दिवे मिळतात. ट्रेलरचे जुने दिवे काढून ते बसवले की दिवे ट्रकच्या चोवीस व्होल्टवर थेट चालतात आणि बाराचे काम फक्त ब्रेकपुरते राहते. कंट्रोलरला ट्रकच्या स्टॉप लाइटची खूण हवी असते. तीही चोवीस व्होल्टची असल्याने मध्ये रिले टाकावा. ट्रकमागचे लष्करी प्लग बारा पिनांचे असते आणि ट्रेलरचे सात. मधला जोड गावठी तारा पिळून न करता डबी बसवून करावा.

वजनाचा हिशेब

अमेरिकेत ट्रेलरवर त्याच्या एकूण भाराचे रेटिंग लिहिलेले असते, आणि त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. ७,००० पौंडी ट्रेलर स्वतः सुमारे २,००० भरतो, म्हणजे मालाला ५,००० उरले. रॉक्सरला हे पुरेसे आहे : ३,००० अधिक २,००० मिळून ५,००० पौंड. हा भार लष्कराच्या रस्त्याबाहेरील ६,००० च्या मर्यादेतही बसतो, त्यामुळे कच्च्या वाटेवरही तळापर्यंत नेता येतो.

रँग्लरचे गणित वेगळे. मूळ गाडी चार ते साडेचार हजार पौंडांची. मोठे टायर, विंच, लोखंडी बंपर, जादा इंधनाचे डबे लावले की ती पाच हजारांवर जाते, आणि मालक मात्र कंपनीच्या कागदावरचाच आकडा सांगत राहतो. आधी वजनकाट्यावर न्यावी. अशा गाडीला ७,००० चा ट्रेलर काठोकाठ होतो, १०,००० च्या वर्गातला घ्यावा. तोही भरल्यावर साडेसात-आठ हजारांत राहतो, म्हणजे रस्त्यावरच्या मर्यादेच्या आत. मात्र डांबर संपले की ट्रेलर तेथेच सोडावा, कारण पुढे ६,००० ची मर्यादा सुरू होते.

याच ठिकाणी परवान्याचाही प्रश्न येतो. तिथल्या संघीय नियमानुसार जोडवाहनाचे रेटिंग २६,००१ पौंड किंवा अधिक आणि त्यात ट्रेलरचे रेटिंग १०,००० च्या वर असेल तर व्यापारी वाहतुकीला वरच्या वर्गाचा परवाना लागतो. म्हणूनच बाजारात मुद्दाम ९,९९० पौंडांचे रेटिंग लावलेले ट्रेलर दिसतात. खासगी वापराला सवलती आहेत, परंतु त्या राज्यागणिक बदलतात. ज्याने त्याने आपल्या राज्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

हूक आणि उंची

एम-३५ च्या मागे जबड्यासारखा उघडणारा लोखंडी हूक असतो आणि लष्करी ट्रेलरच्या दांडीला जाड कडी. कडी हूकमध्ये टाकली की जबडा बंद होतो. नागरी ट्रेलरना मात्र गोळ्यावर बसणारी वाटी असते. गोळा-वाटीचा सांधा घट्ट बसतो, आवाज करत नाही. हूक-कडीचा सांधा ढिला असतो, ब्रेक लावताना आणि सोडताना खडखडतो, पण खड्ड्यात ट्रक एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी अडकत नाही. आपला मार्ग कच्चा असल्याने कडीच बरी. वाटीची जागा बोल्टने बदलता येते, असा ट्रेलर निवडला तर कडी बसवणे सोपे जाते.

उंचीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. ट्रकचा हूक जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो, नागरी ट्रेलरची दांडी त्याहून बरीच खाली. तशीच जोडली तर ट्रेलर नाक वर करून चालतो, भार मागच्या एक्सलवर जातो, दांडीवरचे वजन घटते आणि वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असला पाहिजे. तेव्हा कडी वर-खाली करता येईल अशी छिद्रांची उभी पट्टी दांडीला असावी आणि ट्रेलर भरल्यावर पाटा सपाट दिसला पाहिजे. सुरक्षेच्या साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या अडकवाव्यात.

दांडी जरा लांब असलेली बरी. या ट्रकच्या स्टिअरिंगला सहसा पॉवरची मदत नसते आणि आखूड दांडीचा ट्रेलर रिव्हर्समध्ये बघता बघता आडवा होतो.

काही वाचक विचारतील, ट्रेलर हवाच कशाला? ट्रकचा हौदा बारा फुटांचा आहे, फाळका खाली सोडला की रॉक्सर त्यात मावते आणि वजनही झेपते. हे खरे आहे, काही मालक तसे करतातही. पण हौद्याचा तळ जमिनीपासून चार फुटांहून उंच असतो. घरी धक्का बांधता येईल, रानात तो कोठून आणणार?

ट्रेलरवर गाडी बांधताना चार पट्टे, दोन पुढे आणि दोन मागे, आणि ते गाडीच्या एक्सलला. बॉडीला बांधले तर स्प्रिंग दबून पट्टे ढिले पडतात. टायरवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असते. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर बदलून घ्यावा.

सौदा पक्का करण्यापूर्वी मोकळ्या मैदानात एक चाचणी जरूर घ्यावी. ताशी पंधरा-वीस मैलांवर क्लच दाबून, पाय पेडलवर न ठेवता, कंट्रोलरची पट्टी हाताने सरकवावी. ट्रेलरने ट्रकला मागे खेचल्याचे स्पष्ट जाणवले पाहिजे. मग गाडी थांबवून सुटण्याच्या खटक्याची पिन उपसावी आणि ट्रक हळूच पुढे घ्यावा. ट्रेलरची चाके अडली पाहिजेत. चाचणी झाली की पिन लगेच परत बसवावी. ती बाहेर राहिली तर ब्रेक लागलेलेच राहतात, ड्रम तापतात आणि छोटी बॅटरी थोड्याच वेळात उतरते.